मानेवरची रेघ

तथागतांचं मस्तक कल्याणहून टेम्पोतून बोरशेतच्या वस्तीवर आलं, तेव्हा इद्रीस मिस्त्री विहाराच्या पायरीवरून उठला. ड्रममधल्या पाण्यात त्यानं थापी धुतली, हात धुतले आणि समोरच्या उंबराच्या झाडाखाली जाऊन विहाराकडे पाठ करून बसला.

"बघ, बसला पाठ करून," रवींद्र आईला म्हणाला.

"ठरलेलंच होतं ते," मंजुळा म्हणाली.

ठरलं होतं माघात. विहार बांधून झाला होता, पण आत बसवायला मूर्ती नव्हती. संगमरवरी मूर्ती वस्तीला झेपणारी नव्हती, म्हणून सिमेंटची, जागेवरच घडवायची असं ठरलं. मिस्त्री म्हणून मंजुळाच्या नवऱ्यानं, सखारामनं, इद्रीसचं नाव सुचवलं. इद्रीस नदीपलीकडच्या मोहल्ल्यातला कोकणी मुसलमान, साठीला टेकलेला. वस्तीतल्या निम्म्या घरांचा गिलावा त्याच्या हातचा. पण त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. चौथरा करीन, कमळ करीन, मांडी, चिवर, मांडीवरचे हात, खांद्यापर्यंत सगळं करीन. डोकं करणार नाय.

"का रे? नाक जमत नाय?" सखारामनं चेष्टा केली होती.

"जमतं म्हणून तर नाय करत. कयामतच्या दिवशी विचारतील, इद्रीस, केलंस ना हे तोंड, आता घाल त्यात जीव. मी कुठून घालू?"

"आम्ही तरी कुठं देव मानतो त्यांना? वाट दाखवली म्हणून वंदन करतो."

"ते तुमचं. माझं मला विचारतील. तुला नाय विचारणार."

"आणि खांद्यापर्यंतचं चालतं?" मंजुळानं विचारलं होतं.

"डोकं नाय तोवर झाडाच्या खोडासारखंच ते, वैनी. आमच्यातसुद्धा सगळ्यांचं एक मत नाय यावर. मी आपली माझ्यापुरती वेस घातलीय, खांद्याशी."

म्हणून मस्तक कल्याणच्या एका मूर्तिकाराकडून करून घेतलं होतं, आतून पोकळ. धडातून अंगठ्याएवढी जाड सळई वर काढून ठेवली होती. मस्तक तिच्यावर बसवायचं आणि मानेचा जोड मालानं भरायचा, पाकळ्यांची घासाई सोडली तर एवढंच काम उरलं होतं, आणि ते वस्तीच्या माणसांनी करायचं होतं.

त्या जोडासाठी समितीचे अध्यक्ष विश्राम यांनी एक कल्पना काढली. मालात प्रत्येक घरातून एक ओंजळ रेती पडली पाहिजे. मूर्ती मिस्त्रीची नको, वस्तीची व्हायला हवी. कल्पना सगळ्यांना आवडली, पण रेती आणायची कुठून? नदीतली रेती काढायला बंदी. बांधकामाला येते ती दगड दळून केलेली, काळपट, हाताला टोचणारी. तथागतांच्या मानेत दगडाची भुकटी भरायला कोणाचं मन होईना.

तेव्हा मंजुळा पुढं झाली. तिचं माहेर डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीकाठी. बाप जन्मभर मिठागरावर राबलेला. भावाच्या घरामागं जुन्या रेतीचा ढीग होता, पिवळसर, मऊ, चाळल्यासारखी. भावाच्या रिक्षातून तिनं गोणीभर आणली. वस्तीतल्या बायका त्याच गोणीतून ओंजळ भरून घेत, आपापल्या उंबऱ्याला लावून परत येत आणि घमेल्यात टाकत.

"ओंजळ ज्याची त्याची, रेती मंजुळाची!" शेजारची सरोज म्हणाली आणि बायका हसल्या. मंजुळाही हसली. सून म्हणून या वस्तीत येऊन तिला छत्तीस वर्षं झाली होती. माहेरच्या मातीला इतका मान मिळालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

उंबराकडे जाताना इद्रीस घमेल्यापाशी थांबला होता. चिमूटभर रेती त्यानं बोटांत चोळली. "खाडीची ना? धुवून घ्या वैनी. तीन पाणी द्या."

"पाणी कुठंय धुवायला?" मंजुळा म्हणाली. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. ड्रम अर्ध्यावर आला होता.

"चाचा, तुमचं काम झालं ना?" रवींद्र म्हणाला. "आता आमचं आम्हाला करू द्या."

इद्रीसनं बरं म्हटल्यासारखा हात वर केला आणि तो झाडाकडे गेला.

माल मंजुळानंच कालवला. पाच जणांनी मस्तक उचललं, रवींद्रनं सळईवर नेम धरला. मस्तक बसलं तेव्हा बायकांनी 'साधु, साधु' असा साधुकार दिला. इद्रीस पाठमोराच होता. आवाज ऐकून तो उठला आणि मागं न बघता सायकलवर बसून गेला.

पुढचे तीन आठवडे मान ओली ठेवायचं काम मंजुळाकडे आलं. सिमेंट जितकं ओलं राहील तितकं घट्ट होतं, हे तिला शिकवावं लागलं नाही. पहाटे, दुपारी, दिवस कलताना, अशी ती दिवसातून तीनदा शिडीवर चढायची, मानेभोवतीचा गोणपाट सोडायची, भिजवून पिळून पुन्हा गुंडाळायची. प्यायच्या पाण्यातलंच पाणी काढून ती हंडा भरायची. वैशाखाचं ऊन होतं. शिडीच्या लोखंडी पायऱ्यांचे चटके तळव्यांना बसायचे. गुडघा धरायचा. खाली उतरली की ती चौथऱ्याला टेकून थोडी बसायची. समोर इद्रीस कमळाच्या पाकळ्या घासत असायचा.

"वैनी, एवढं पाणी माणसाला पाजलं असतं तर दुवा मिळाली असती."

"आणि तुम्ही एवढं घासता ते? पाकळीला कोण विचारणार आहे?"

"मी विचारतो ना."

दुपारनंतर तो मंजुळाच्याच घरी असायचा. पावसाआधी घराच्या दर्शनी भिंतीचा गिलावा पुरा करायचा होता. परांची बांधलेली होती आणि भिंत अर्ध्यापर्यंत आली होती.

विहाराच्या दोन किल्ल्या होत्या. एक विश्रामांकडे, मंजुळा रोज तीच मागून न्यायची, आणि दुसरी इद्रीसकडे. सुरुवातीला त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. मग एक दिवस विश्राम सखारामला म्हणाले, "दुसरी किल्ली अजून मिस्त्रीकडेच आहे का?"

"काम चालू आहे ना त्याचं."

"नाही, सहज विचारलं. आत तो एकटाच असतो ना, म्हणून."

रवींद्र डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. घरी आला की जेवताना त्याच्या एका हातात मोबाईल असायचा. कुठं मूर्तीला काय केलं, कुठं कोणी काय फेकलं, असलं काहीबाही तो वाचून दाखवायचा. "कुठलं आहे ते?" सखाराम विचारायचा. "कुठलं का असेना," रवींद्र म्हणायचा.

सून मेघना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दोन्ही काठांची मुलं त्या शाळेत येत. एके संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती गमतीनं म्हणाली, "आई, इद्रीसचाचांची नात आहे ना माझ्या वर्गात, नीलोफर. तिच्या पुस्तकात पोपट, ससा, मुलगी, सगळ्यांच्या मानेवर पेनानं आडवी रेघ! विचारलं तर म्हणते, दादाजींनी मारली. रेघ मारली की डोकं वेगळं झालं, मग चित्र घरात ठेवलं तरी चालतं."

मेघनाची लहानगी सान्वी खिदळली. "मग मी पण मारू?"

"गप," रवींद्र म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला होता. "मानेवर रेघ? नक्की?"

"अरे, पुस्तकात," मेघना म्हणाली. "चित्राला."

तो पुढं काही बोलला नाही. मंजुळाला ते आवडलं नाही. बोलून टाकणाऱ्या माणसाचा राग पाण्यासारखा निचरतो, रवींद्रचा तसा नव्हता. तो लहानपणापासून मनात धरून ठेवायचा.

बुद्धपौर्णिमेला चार दिवस उरले. विश्राम म्हणाले, आता गोणपाट काढा, मान सुकू द्या, रंगाचा हात मारायचा आहे. सकाळी मंजुळानं गोणपाट सोडला तेव्हा बोटाला लाल लागलं. तिला वाटलं, आपलंच बोट कापलं. मग तिनं वर पाहिलं. मानेच्या बरोबर मधोमध, एका कानाखालून दुसऱ्या कानाखालपर्यंत, केसाएवढी बारीक रेघ गेली होती. सरळ, आणि तांबडी. काल संध्याकाळपर्यंत तिथं काही दिसलं नव्हतं. दोन ठिकाणी ओघळ गळ्यावर उतरले होते.

ती शिडीवरून उतरली. तिनं कोणाला हाक मारली नाही, पण मागं सरोज फुलांच्या माळा मोजत उभी होती. सरोजनं वर बघितलं आणि तोंडावर हात नेला.

पंधरा मिनिटांत विहार भरला. रवींद्रची दुसरी पाळी होती, तो घरीच होता. शिडीवर चढून त्यानं मोबाईल मानेजवळ नेला आणि बोलत बोलत सगळं टिपलं. "ही बघा, पातं फिरवल्यासारखी रेघ. कुठं केलीय बघा. बरोबर मानेवर." मग खाली उतरून तो आईकडे न बघता मेघनाकडे बघत म्हणाला, "आता सांग. पुस्तकातली गंमत."

मेघनाचा चेहरा उतरला. "मी तसं नव्हतं म्हटलं..."

पण रवींद्रनं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. सांगताना त्याच्या तोंडी पोपट आणि ससा आलेच नाहीत, फक्त मान आणि रेघ आली.

तेवढ्यात इद्रीसची सायकल वाजली. इतकी माणसं बघून त्यानं आधी उंबराला सायकल टेकवली, मग टोपी सारखी केली. "काय झालं? कोण पडलं काय?"

"आत या चाचा," रवींद्र म्हणाला. "बघा तुमची कारागिरी."

इद्रीस उंबऱ्याशी थांबला. त्यानं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नजर मंजुळाकडे आली, तिच्यावर क्षणभर थांबली आणि खाली गेली.

"मी मानेला हात लावलेला नाय."

"हात नाही लावला. हत्यार लावलं असेल."

"रवी!" सखाराम ओरडला.

"बाबा, तुम्ही मधे बोलू नका. तुम्हीच आणलंय यांना." रवींद्रनं कोपऱ्यातली इद्रीसची गोणी ओढली आणि जमिनीवर उपडी केली. दोन थाप्या, लाकडी गुरमाळा, ओळंबा, लेव्हलची पट्टी आणि पत्रा कापायची कात्री आवाज करत पसरली. बारकी थापी उचलून त्यानं तिची धार अंगठ्यावर पाहिली. "ही काय कमी धारदार आहे?"

"ती पाकळीची हाय. दोन पाकळ्यांच्या मधली रेघ..." इद्रीस बोलता बोलता थांबला. रेघ हा शब्द आता तिथं बोलायचा नव्हता.

"किल्ली द्या," विश्राम म्हणाले. आवाज सौम्य होता. "मिस्त्री, गैरसमज नको. उद्या संध्याकाळी पाचला सभा घेऊ. तोवर हत्यारं इथंच राहू द्या. पोलिसात द्यायचं की कसं, ते सभेत ठरेल."

इद्रीसनं खिशातून किल्ली काढली. द्यायला हात पुढं केला, पण कोणी घेतली नाही. मग त्यानं ती चौथऱ्यावर ठेवली. त्यानंच घासून गुळगुळीत केलेल्या कडेवर.

"खिसे बघायचेत?" त्यानं विचारलं. कोणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. त्यानं दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. विडीचं बंडल, रुमाल, सुताची गुंडी. ती रिकामी अस्तरं तशीच लोंबत ठेवून तो सायकलकडे गेला.

त्या दुपारी घरात कोणी धड जेवलं नाही. अर्धी गिलावा केलेली भिंत उन्हात तापत होती. परांचीवर इद्रीसची पालथी ठेवलेली घमेली होती.

"माझा बा," सखाराम एकदम बोलू लागला, "धर्मांतर केल्यावर घरातले देव घेऊन नदीवर गेला. चांदीचे टाक, खंडोबा, म्हाळसा, सगळे पाण्यात सोडले. गावात काय उठलं माहीतंय? यांनी देव फोडले. घणानं फोडले. कोणी बघितलेलं? कोणी नाय. तीन महिने बाला पिठाच्या गिरणीत दळण टाकू देत नव्हते."

"ते वेगळं," रवींद्र म्हणाला.

"कसं वेगळं?"

"आपण आपले सोडले. दुसऱ्याचे फोडले नव्हते."

"हेच बा सांगत होता. कोणी ऐकलं नाय."

रवींद्र मोबाईल घेऊन बाहेर गेला. मंजुळा भांडी घासत होती. एकच गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. इद्रीसनं रेघ बघितल्यावर आधी कोणाकडे बघितलं? तिच्याकडे. का? चोर पकडला गेला की ओळखीचं तोंड शोधतो, तसं होतं का ते? त्याची ती खांद्याची वेस तिला आठवली. पाठ करून बसलेला तो आठवला. इतकं ज्याला पाप वाटतं, तो रोज त्या मस्तकाखाली सकाळभर कसा बसला असेल? मनात काय घेऊन बसला असेल? छत्तीस वर्षांत या माणसाच्या घरचं पाणी आपण किती वेळा प्यालो? दोनदा, फार तर तीनदा. ओळखतो म्हणजे नेमकं काय ओळखतो?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती विहारात गेली. सवयीनं हंडा भरून नेला होता, पण आता भिजवायचं काही नव्हतं. विश्रामांनी किल्ली देताना दोनदा विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "झाडायला."

झाडून झाल्यावर ती शिडी लावून वर चढली. रात्रभरात मान पहिल्यांदाच कोरडी पडली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना काहीतरी पांढरं उगवलं होतं, मऊ, कापसासारखं, बोट लावलं की पडणारं. तिनं ते ओळखलं. आधी ओळखलं आणि मग ओळखल्याची भीती वाटली. माघ-फाल्गुनात बापाच्या मिठागराचं पाणी आटताना बांधाच्या मातीला असंच पांढरं फुटायचं. बापाच्या पायांच्या भेगांतही असायचं ते.

तिनं बोट जिभेला लावलं.

खारट.

तिनं पुन्हा, दुसऱ्या कानाखालचं चाखलं. मग गळ्यावरचा तांबडा ओघळ चाखला. मीठ आणि लोखंड. मीठ सळईला लागलं होतं. तीन आठवडे ती रोज तीनदा त्याला पाणी पाजत होती. सळई आत गंजून फुगली आणि जोड तडकला. जोड सरळ होता म्हणून रेघ सरळ होती.

शिडीवर उभ्या उभ्या तिला गोणी आठवली. 'तीन पाणी द्या.' इद्रीसनं काल तिच्याकडे का बघितलं, ते तिला आता कळलं.

घरी येऊन तिनं नेहमीची कामं केली. भाकऱ्या, धुणं, कोंबड्यांना दाणे. हात चालू असले की डोकं चालायचं. न बोलता राहिलं तर? पौर्णिमेपर्यंत रेघ रंगवून टाकतील. रेती कोणाला आठवणार नाही. पण रवीच्या मोबाईलमध्ये ते टिपलेलं होतं, आणि पोलीस आले तर आधी मोहल्ल्यात जाणार होते. बोललं तर? वस्तीतल्या प्रत्येक घरानं तिची रेती उंबऱ्याला लावून वाहिली होती. एकेक ओंजळ तिला आठवत होती. कोणाची थरथरती म्हातारी ओंजळ, कोणाची बाळाची.

"काय झालंय तुला?" सखारामनं विचारलं.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. आधी त्याला सांगितलं असतं तर तोच बोलला असता, आणि मग ते मित्राला वाचवायला केलेलं बोलणं झालं असतं.

पाचला सभा भरली. पुरुष पुढं, बायका भिंतीकडे. विश्रामांनी त्रिशरण घेतलं, मग विषय मांडला. रवींद्र उभा राहून बोलला. नीट बोलला, चिडला नाही, आणि त्यामुळं त्याचं जास्त पटत होतं.

मंजुळा भिंतीकडून उठली. "रेघ मिस्त्रीनं नाय मारली. माझ्या रेतीनं पडली."

कोणाला कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. खाडीची रेती, मीठ, सळई. सांगताना शब्द अडखळले. पांढरं चाखलं हे सांगताना दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली.

"आई, घरी चल," रवींद्र दातांत म्हणाला.

"वहिनी," विश्राम म्हणाले, "राग मानू नका. तुमच्या घराचा गिलावा अर्धा राहिलाय. मिस्त्री गेला तर पावसात तुमचीच भिंत भिजणार. ते मनात नाही ना?"

मागं कोणीतरी हसलं. सखाराम उठायला लागला, तिनं हातानंच त्याला बसवलं.

"आहे ना मनात," ती म्हणाली. "भिंत माझी आहे, मग असणारच. पण मीठ मानेत आहे. शिडी तिथं आहे. ज्याला संशय आहे त्यानं चाखावं."

कोणी उठेना. तथागतांच्या मानेला जीभ कोण लावणार? सगळ्यांच्या नजरा इकडंतिकडं गेल्या आणि शेवटी रवींद्रवर थांबल्या. आपली आई खोटी ठरावी किंवा आपण, एवढंच त्याच्यापुढं उरलं होतं. तो चढला. नखानं पांढरं खरवडून त्यानं जिभेवर ठेवलं. मग रेघेत नख घालून मालाचा एक तुकडा काढला, तोही चाखला. तो पाठमोराच शिडीवर उभा राहिला.

"काय रे?" विश्रामांनी विचारलं.

"खारट आहे."

"घाम असेल कोणाचा."

"नाही." तो उतरला. "आमच्या कंपनीत पाईप असेच जातात. आतून. बाहेर आधी अशीच रेघ दिसते."

सरोज म्हणाली, "अगं बाई, म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून..." आणि ती थांबली.

विश्रामांनी घसा साफ केला. "ठीक. पण मिस्त्रीला हे कळायला हवं होतं ना? जाणकार माणूस. त्यानं सांगायला नको?"

"सांगितलेलं," मंजुळा म्हणाली. "धुवून घ्या म्हणाला. मी म्हटलं पाणी नाय. रवी म्हणाला आमचं आम्हाला करू द्या."

सभा कधी संपली ते विश्रामांनी जाहीर केलंच नाही, माणसं एकेक करून उठत गेली. बाहेर उंबराखाली मंजुळानं मुलाला गाठलं.

"ते मोबाईलमधलं काढून टाक."

"टाकलं."

"कोणाला पाठवलेलंस?"

रवींद्र चपलेत पाय घालत राहिला. "एकाच ग्रुपवर. तिथूनही काढलं."

पुढच्या सकाळी मंजुळानं हत्यारं धुतली, फडक्यानं पुसली आणि गोणीत भरून डोक्यावर घेतली. सखाराम येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. नदीवरचा पूल ओलांडून मोहल्ल्यात शिरली तेव्हा दुकानाच्या फळीवर बसलेली दोन माणसं बोलायची थांबली. ती पुढं गेल्यावरही त्यांचं बोलणं सुरू झालं नाही.

इद्रीस ओट्यावर होता. तिला बघून तो उठला, पण या म्हणाला नाही. तिच्या खांद्यावरून त्यानं मागचा रस्ता पाहिला.

"किती जणं आलीत?"

"मी एकटीच."

"मोबाईल?"

तिनं कमरेचा मोबाईल काढून दाखवला.

"ओट्यावर राहू दे. आत या."

त्याची बायको रुकैया पाणी घेऊन आली. मंजुळा पाणी पीत असताना दोघं तिच्याकडे बघत होते. भिंती कोऱ्या होत्या. एक घड्याळ, आणि अरबी अक्षरांची एक चौकट. सून नसीमा आतल्या दारात उभी होती.

मंजुळानं सगळं सांगितलं. सभेत काय झालं, रवीनं काय चाखलं. इद्रीस ऐकत होता. त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "परवाच कळलेलं. मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी बोललो ना. परवा बोललो असतो तर म्हणाले असते, बाईवर ढकलतो." त्यानं डोळे मिटून उघडले. "आणि माझ्या सांगण्यावरनं त्या मानेला जीभ कोणी लावली असती, वैनी?"

तिनं रिकामं भांडं खाली ठेवलं.

"काल आमच्या बाजारात एकानं दाखवला मला तो व्हिडिओ," तो म्हणाला. "माझी सायकल दिसते त्यात."

"रवीनं काढून टाकला म्हणतो."

"हां. त्याच्याकडनं गेला असेल."

मग तिनं मान कशी दुरुस्त करायची ते विचारलं. येणार का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. त्यानं सांगितलं. जोडातला सगळा माल फोडून काढा. सळई पॉलिशच्या कागदानं चमकेपर्यंत घासा, काळा ठिपका राहता कामा नये. तिला सिमेंटच्या पाण्याचा हात द्या. मग तीनास एक माल, तीन भाग धुतलेली रेती आणि एक भाग सिमेंट. सांगताना नकळत त्यानं आपल्याच मानेवर बोट फिरवून दाखवलं. मग बोट काढून घेतलं. तिच्याकडून त्यानं ते दोनदा वदवून घेतलं.

"तुमचा गिलावा पुरा करीन," तो म्हणाला. "पावसाआधी. शब्द दिलाय सखारामला. पण विहारावरनं येणार नाय. मागच्या बांधानं येईन. आणि मी काम करताना घरात कोणीतरी असू दे. कायम."

"असं कशाला बोलता इद्रीसभाई..."

"असू दे."

त्यानं गोणी ओढली. एकेक हत्यार काढून उजेडात धरलं. थाप्या, गुरमाळा, लेव्हल, कात्री. ओळंब्याची दोरी पूर्ण उलगडून त्यानं परत गुंडाळली. सगळं गोणीत भरलं. मग गोणीचं एक टोक मंजुळाच्या हातात दिलं.

"नसीमा, फोटो काढ."

"घरात?" रुकैया म्हणाली. "तुम्ही?"

"हां. आधारकार्डाला काढला ना? तसाच हा." तो मंजुळाला म्हणाला, "उद्या कोणी म्हणायला नको, विहारातनं हत्यारं पळवली म्हणून. तुम्ही आणून दिलीत, एवढंच दिसलं पाहिजे."

नसीमानं मोबाईल धरला, दोन पावलं मागं सरली. इद्रीस गोणीचं दुसरं टोक धरून हातभर बाजूला सरला. मंजुळानं गोणी धरून ठेवली. चेहरा कसा ठेवायचा ते तिला समजेना.

"इकडं बघा, काकी."

फोटो निघाला. इद्रीसनं नसीमाकडून मोबाईल घेतला, लांब धरून बघितला आणि मंजुळापुढं केला. तिचं तोंड स्पष्ट आलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. मधे गोणी होती. आणि गोणीच्या दुसऱ्या टोकाला कोपरापर्यंत एक हात, नखांत सिमेंट भरलेला. कोपराशी फोटो संपत होता, आणि हाताच्या वर नुसती कोरी भिंत होती.

"तारीख दिसते ना?" त्यानं नसीमाला विचारलं.

"दिसते," ती म्हणाली.